पुढची सीट

सगळे गाडीत बसेपर्यंत आईने तीनदा सांगून पाहिलं की तिचा गुडघा धरलाय, पाय लांब करून बसावं लागेल, म्हणून तिला पुढेच बसू द्या. पण त्या दिवशी गुडघ्याला विचारतंय कोण? धाकटी सून लग्नानंतर पहिल्यांदाच घरी आली होती, त्यात दोन जिवांची होती, आणि नुसत्या पेट्रोलच्या वासाने तिच्या पोटात ढवळायला लागलं होतं.

"अगं आई, हिला मागे बसवलं ना, तर दुसऱ्या वळणावर गाडी धुवायची पाळी येईल," धाकटा म्हणाला.

"आणि नव्या सुनेने पुढेच बसायचं असतं," थोरल्याने री ओढली. "आपल्याच घरचा नियम ना हा? माझी बायको बसली तेव्हा तू नाही का मागे डबे सांभाळत बसलीस?"

नियम खरा होता. या घराला सगळे वाटाड्यांचं घर म्हणत. आजेसासऱ्यांनी घोडागाडीतून पाहुण्यांना हा मुलूख दाखवायला सुरुवात केली, त्यांच्यामागे सासरे, आणि त्यांच्यामागे आप्पा. आता घोडागाडी जाऊन दहा सीटची गाडी आली होती, बाजारात छोटंसं ऑफिस झालं होतं आणि आजच्या दिवस ते थोरली सून सांभाळत होती. पण घरात सून आली की तिला तळं, पूल आणि कडा घरच्या कर्त्या माणसाने स्वतः दाखवायचा, हे काही बदललं नव्हतं. "आपल्या माणसाला आपला मुलूख भाड्याच्या ड्रायव्हरने दाखवायचा असेल तर घराला कुलूपच लावा," आप्पा म्हणायचे.

आणि आप्पांना दिसत नव्हतं.

हे जगात दोघांनाच ठाऊक होतं, आप्पांना आणि आईला. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग संध्याकाळ झाली की घरातलं दार सापडेना. आता उरलं होतं ते नळीतून बघावं तेवढं, आणि तेही धुरकट. आई डॉक्टरकडे चला म्हणाली तेव्हा आप्पांनी तिचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला होता. "पोरांना सांगितलंस तर माझी शपथ आहे. मला ओसरीवर खुर्ची टाकून देतील. मी खुर्चीत मरेन गं. रस्ता मला पाठ आहे. तू फक्त शेजारी बस आणि बोलत राहा."

मग आई बोलत राहिली. आप्पांच्या शेजारी बसून, पाहुण्यांना घेऊन, आठ महिने. "बाई बाई, तो ट्रक बघा कसा मध्यावरून येतोय!" "अय्या, त्या शेळ्या बघा, अख्खा रस्ता आपल्याच बापाचा!" पाहुणे हसायचे. घरचे तर तिला रेडिओच म्हणायला लागले होते. म्हातारपणी आईला नवऱ्याबरोबर हिंडायची हौस आलीय, असं थोरली कौतुकाने सगळ्यांना सांगायची. आईही हसायची, आणि घरी आली की थोडा वेळ मोरीत जाऊन एकटीच बसायची.

आज रेडिओ मागे बसला होता. तिसऱ्या रांगेत, आत्याच्या शेजारी, मांडीवर डबे घेऊन.

"पाणी घे रे," आत्याने मधल्या रांगेत बसलेल्या थोरल्याच्या कानाशी बाटली धरली. थोरला वळला, त्याचा हात बाटलीला लागला आणि बाटली खाली. सगळं पाणी आत्याच्या पायांवर.

"धांदरट तो धांदरटच! पंचेचाळिशी आली तरी काही फरक नाही," आत्या करवादली. थोरला ओशाळं हसला. आप्पांनी किल्ली फिरवली. आईने डोळे मिटले, आणि मग एकदम उघडले. आता आपल्याला डोळे मिटून चालणार नाही, हे तिच्या लक्षात आलं.

तळ्यापर्यंतचा रस्ता सपाट आणि रुंद होता. आप्पा तिथे दोन्ही हात सोडूनही जातील. तरी आईने मागून सुरू केलं, "अहो, आज सायकलवाले किती आहेत हो डाव्या अंगाला!"

गाडी किंचित उजवीकडे सरकली. आईला बरं वाटलं. आवाज पोचतोय म्हणायचा.

"तो बघा कुत्रा! मेलं ते, मध्येच बसलंय अगदी!"

"आई," धाकटा मागे वळून दबक्या आवाजात म्हणाला, "जरा शांत बस ना. हिला मळमळतंय. आवाजाने आणखी होतं."

"असू दे, असू दे," पुढून आप्पा म्हणाले. "बोलू दे तिला. मला सवय आहे." ते हसून म्हणाले, पण गाडीचा वेग कमी झालेला आईला तिसऱ्या रांगेतही जाणवला.

"नाही आप्पा, खरंच डोकं गरगरतंय," धाकटी क्षीण आवाजात म्हणाली आणि मान मागे टाकून तिने डोळे मिटून घेतले. "आई, तुम्ही रागावू नका हं."

आता यावर काय बोलणार? पोर पोटुशी, त्यात पहिलटकरीण. आईने ओठ घट्ट मिटले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा.

तळ्यावर सगळे उतरले तेव्हा आप्पांनी बोनेटवर हात ठेवून धाकटीला तळं दाखवलं. कुठल्या दगडावर बसून आजोबा पाहुण्यांना गोष्टी सांगायचे, कुठल्या झाडावर बगळे उतरतात, समोरच्या डोंगराचं प्रतिबिंब पाण्यात पडलं की दोन डोंगर कसे दिसतात. बोट अचूक तिकडेच. धाकटी खूश झाली. मोकळ्या हवेवर तिला तरतरी आली होती.

"आणि आमच्या आजोबांची घोडी!" आप्पांचा आवाज चढला. ही त्यांची हुकमी गोष्ट. "आजोबा दिवसभर दमायचे आणि परतीच्या वाटेला गाडीत झोपून जायचे. लगाम सैल. पण घोडी बरोबर दारात आणून उभी करायची. पुढे आमचे बाबाही तसेच, आणि त्यांची घोडीही तशीच. या घराण्याला वाट चुकणं माहीतच नाही!"

"यालाही तुमचंच वळण आहे बरं का आप्पा," धाकटी नवऱ्याकडे बघून हसली. "फक्त थिएटरमध्ये दिवे गेले की हा लहान मुलासारखा माझा हात धरून बसतो. मध्यंतरातसुद्धा सोडत नाही."

"ओहोहो!" थोरल्याने टाळी मारली. धाकटा कानापर्यंत लाल झाला. आईही हसली. तेवढाच काय तो एक क्षण तिला बरा गेला.

पुन्हा गाडीत बसताना तिने शेवटचा प्रयत्न केला. "पूल अरुंद आहे हो. मी बसते पुढे. सूनबाईला मागे खिडकीशी बसवू, वारा लागेल."

"आई, तुझं चाललंय काय?" थोरला आता वैतागला. "सकाळपासून सीट, सीट, सीट! पोरीला हौसेने पुढे बसवलंय, तर तुला रुसवा आलाय का?"

सासू सुनेवर जळते म्हणून सगळ्यांनी मनातल्या मनात नोंद करून टाकली. धाकट्याने तोंड फिरवलं. आईचे डोळे भरून आले. नाही म्हणायला आप्पांनी एकदा आरशात पाहिलं, म्हणजे आरशाकडे तोंड केलं. त्यांना त्यात काय दिसणार? पण तिला कळलं. ते घाबरले होते. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

पुलावर आप्पांनी हॉर्न वाजवत गाडी घातली. दोन्हीकडे दगडी कठडे, एकावेळी एकच गाडी जाईल एवढी जागा. हॉर्नचा आवाज कठड्यावर आपटून येतो त्यावरून ते मध्यभाग धरत असत. मध्येच डाव्या कठड्याला आरसा घासला. खर्रर्र.

"आप्पा!" धाकटा ओरडला.

"दगड पुढे आलाय तिथला," आप्पा म्हणाले. "दरवर्षी सांगतो त्या लोकांना."

दगड काही पुढे आला नव्हता. आईने पाहिलं, आणि तिच्या शेजारी आत्यानेही पाहिलं. पूल ओलांडून सगळे कमानी बघायला नदीकाठी उतरले, तेव्हा आत्याने आईचा दंड धरला आणि तिला गाडीच्या मागे नेलं. आत्याने अख्खी हयात दवाखान्यात नर्स म्हणून काढली होती. तिची पकड अजून तशीच होती.

"वहिनी, खरं सांग. दादाला दिसत नाही ना?"

"काहीतरीच काय वन्सं!"

"मला शिकवू नकोस. उतरताना त्याने दाराची कडी चाचपली. बोट दाखवतो, पण नजर तिकडे जात नाही. आणि तू सकाळपासून त्या सीटसाठी जीव टाकते आहेस." आत्याचा आवाज खाली आला. "वहिनी, बाबा गाडीत झोपायचे नाहीत गं."

"म्हणजे?"

"बाबांनाही दिसत नव्हतं. घोडीला वाट ठाऊक होती म्हणून चाललं. मी लहान होते. पाण्याचा पेला समोर ठेवला तर घ्यायचे, बाजूने दिला तर सांडायचा. आई आम्हाला म्हणायची, गप्प बसा, बाबा दमलेत. तेव्हाही असंच झाकलं, आणि आता तू झाकते आहेस."

आईने आधी नदीकाठी कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं. "त्यांनी शपथ घातलीय वन्सं. त्यांच्या जिवाची."

"आणि गाडीतल्या पोटुशीच्या जिवाचं काय?"

नदीकाठून थोरल्याच्या हाका आल्या, चला, कड्यावर ऊन चढेल. आई म्हणाली, "एवढा कडा होऊ दे. त्यांची हौस होऊ दे. घरी गेल्यावर मी स्वतः पोरांना सांगते. तुमच्या गळ्याची आण."

आत्ता किल्ली काढून घ्यावी की भावाचा मान ठेवावा, आत्याचंही ठरत नव्हतं. शेवटी तीही त्याच घरची लेक. "मी मधे सरकून बसते," ती म्हणाली. "तू माझ्या जागेवर ये. तिथून पुढचा रस्ता दिसतो. आणि बोल. कोण काय म्हणेल ते म्हणेल."

कड्याचा रस्ता चढाचा. उजवीकडे डोंगर आणि डावीकडे दरी, मध्ये गुडघाभर उंचीचा कठडा. कड्यावर उभं राहून हाक मारली की ती तीनदा परत येते म्हणून तो हाकेचा कडा. आप्पांनी चढ धरला आणि घोडीची दुसरी एक गोष्ट सुरू केली. त्यांची प्रत्येक गोष्ट वळणाशी संपायची. हे आईला फार उशिरा समजलं होतं. पाहुणे गोष्टी ऐकायचे आणि आप्पा गोष्टींवर रस्ता मोजायचे.

"उजवीकडून बस येते आहे हो!" आई मोठ्याने म्हणाली.

"आई, प्लीज!" धाकटा.

"बोलू दे रे तिला," आत्या म्हणाली. "माझं डोकं दुखत नाही, तुझं का दुखतंय?"

"आत्या, तूही? हिला उलटी होईल!"

"झाली तर पुसू."

मग भांडण जुंपलं. धाकटा म्हणाला, माझ्या बायकोला कुणी समजूनच घेत नाही. थोरला म्हणाला, चार वर्षांतून एकदा येतोस आणि आल्या आल्या नखरे. धाकटा म्हणाला, मग तू चालव ना गाडी, म्हाताऱ्या बापाला का राबवतोस, ऑफिसात बसून पावत्या फाडतोस नुसत्या. तिकडे थोरला चिडून म्हणाला, तू तर गाडी शिकलासच नाहीस, वाटाड्यांच्या घरात जन्मून बसने फिरतोस, मला काय सांगतोस! दोघे भाऊ एकमेकांवर तुटून पडले, आणि त्या गोंगाटात आप्पांची गोष्ट मध्येच तुटली.

"आप्पा, पुढे काय झालं त्या घोडीचं?" धाकटीने डोळे न उघडता विचारलं.

"ती..." आप्पा म्हणाले, आणि थांबले. त्यांना गोष्टीतली जागा सापडेना. गाडी चालतच होती.

आईने पुढे पाहिलं. वळणापलीकडे डावा कठडा नव्हता. दरड खचून अर्धा रस्ता खाली गेला होता, कडेला चुना फासलेले चार दगड मांडून ठेवले होते, आणि आप्पा सवयीने डावी बाजू धरून सरळ त्या दगडांवर चालले होते. थोरला डाव्या खिडकीशीच बसला होता. त्याला दिसत कसं नाही?

"अहो, थांबा! उजवीकडे! रस्ता नाही! रस्ता नाहीये!"

तो आवाज आपलाच आहे हे आईला नंतर समजलं. आप्पांनी तिला काही विचारलं नाही. उजवीकडे स्टीअरिंग मारून त्यांनी ब्रेकवर पाय दाबला. गाडी कण्हत थांबली. डावं पुढचं चाक एका पांढऱ्या दगडाला टेकलं होतं. तो दगड हलला, घरंगळला, आणि खाली कुठेतरी आपटत गेला. तो आवाज बराच वेळ येत राहिला.

धाकटीने डोळे उघडून खिडकीतून खाली पाहिलं, आणि दोन्ही हात पोटावर घेतले.

"उजव्या दारांनी उतरा सगळे," आत्या म्हणाली. "हळू. एकेक."

डोंगराच्या बाजूला सगळे उभे राहिले. आप्पा शेवटी उतरले, हाताने दार, मग बोनेट, मग कातळ चाचपत. आता ते लपवत नव्हते. थोरल्याने पाहिलं. धाकट्याने पाहिलं.

"आप्पा," धाकटा म्हणाला. "तुम्हाला दिसत नाही?"

"तुझ्या आईला दिसतं," आप्पा म्हणाले. मग खाली बसले आणि त्यांनी तोंडावर हात घेतले. "मी मारली असती रे सगळ्यांना. सूनबाई, मी तुला मारली असती."

धाकटा आईकडे वळला. "तुला माहीत होतं? आणि तू हिला पुढे बसू दिलंस?"

आईने मान खाली घातली. तिने सीट मागितली होती, फक्त खरं सांगितलं नव्हतं. शपथ मोडली तर नवऱ्याला काही होईल, या भीतीने तिने सहा जीव दरीच्या काठावर आणले होते. "चुकलं माझं," ती म्हणाली. "पाया पडते तुझ्या, चुकलं."

"पुरे," आत्या म्हणाली. "आधी गाडी मागे घ्या. थोरल्या, तू बस स्टीअरिंगवर."

थोरला जागचा हलला नाही.

"अरे, बस ना!"

तो गेला आणि बसला. आईही मधल्या दाराने आत शिरली आणि सरकून पुढच्या सीटवर बसली. सकाळपासून जिच्यासाठी जीव तळमळत होता ती सीट आता मिळाली होती, आणि मुलगा शेजारी होता. तिने पहिल्यांदाच पूर्ण श्वास घेतला.

थोरल्याने किल्लीला हात लावला, पण फिरवली नाही.

"आई," तो पुटपुटला, समोर बघत. "तू बोलशील ना?"

"काय बोलू?"

"जे आप्पांना सांगायचीस ते. मला समोरचं दिसतं. कडेचं नाही दिसत. दोनेक वर्षं झाली. म्हणून तर ऑफिसात बसतो गं. खिडकीशी होतो, तरी तो तुटलेला कठडा मला..." त्याने किल्लीवरचा हात काढला. "तुम्ही धांदरट म्हणता, तेच बरं वाटायचं."

पाण्याची बाटली आईच्या डोळ्यांपुढे आली. बाजूने दिलेला पेला. दमलेले बाबा, झोपलेले आजोबा, आणि त्यांना घरी आणणाऱ्या शहाण्या घोड्या. तीन पिढ्या पाहुण्यांना हसत हसत सांगितलेली ती गोष्ट.

शपथ घालायला थोरल्याचा हात तिच्या हाताकडे आला. आईने हात मागे घेतला. मग पुढे होऊन किल्ली काढली आणि मुठीत धरून खाली उतरली.

"गाडी इथेच राहील," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "वर चहाच्या टपरीवर जाऊ चालत. टपरीवाल्याकडे जीप आहे. थोरल्यालाही दिसत नाही. सासऱ्यांनाही दिसत नव्हतं. आता या घरात कुणी काही झाकायचं नाही. माझा रेडिओ आजपासून बंद."

आप्पांनी मान वर केली. थोरला गाडीतच बसून होता. आत्या त्याच्याकडे गेली आणि तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

आई धाकट्यासमोर जाऊन उभी राहिली. त्याच्या चष्मा नसलेल्या, लहानपणी दृष्ट काढावी लागे अशा सुंदर डोळ्यांकडे बघत तिने विचारलं, "तू गाडी का शिकला नाहीस रे?"

"मी? मला..." धाकटा हसायला गेला. "मला नुसती भीती वाटते गं गाडीची."

"कसली भीती?"

धाकटी त्याच्या शेजारी उभी होती. तिने एक हात पोटावर ठेवला होता. दुसरा हात नवऱ्याच्या हातात होता, तो तिने हळूच सोडवून घेतला आणि त्याच्या समोर येऊन उभी राहिली.

"अरे," ती म्हणाली, "थिएटरमध्ये दिवे गेले की तू माझा हात का धरतोस?"